उतरणीचं ओझं

"काकू, सॅक द्या इकडे."

एवढंच म्हणाला तो. तोरण्याच्या बिनी दरवाज्याखाली रेलिंग लागतं, तिथं मी एका हातानं ते लोखंड धरून उभी होते. डिसेंबरातला रविवार, दुपारचे साडेतीन झालेले. गवत पिवळं पडून एका अंगाला झोपलेलं, पायाखाली मुरूम, आणि त्या मुरमावर पाय टाकायचा म्हटलं की उजवा गुडघा आपण होऊन थरथरायचा. दुखत नव्हता, नुसता थरथरत होता. पहाटे गुंजवण्यातून निघून चोर दरवाज्यानं राजगड चढलो होतो, संजीवनी माचीकडून अळू दरवाज्यानं उतरून ती लांबच लांब धार चाललो होतो, बुधला माचीचा चढही चढून आलो होतो. त्या सगळ्यात मी कुठंही मागं राहिले नव्हते. मेंगाईच्या देवळापाशी डबे सोडले तेव्हा माझा श्वास सगळ्यांच्या आधी जागेवर आला होता. आणि आता, वेल्ह्याची घरं खाली स्पष्ट दिसत असताना, मला एक पाऊल टाकायला अर्धा मिनिट लागत होता. आमच्यातला सगळ्यात लहान मुलगा, कॉलेजात जाणारा, खाली उतरलेला परत वर आला, माझ्या सॅकच्या वरच्या पट्ट्याला हात घातला आणि ते वाक्य बोलला. मी खांदे सैल सोडले. सॅक गेली. घामानं भिजलेल्या पाठीला एकदम वारा लागला आणि शहारा आला.

साडेसहा किलोची सॅक. सकाळी मीच वजनकाट्यावर तोलली होती.

कुणी काही बोललं नाही. चेलाडी फाट्यावर चहा झाला, गाडीत गाणी झाली. त्या मुलानं सॅक माझ्या सीटखाली नीट सरकवून ठेवली, तीसुद्धा आतली बाटली सांडू नये म्हणून उभी. त्याच्या वागण्यात नाव ठेवायला जागा नव्हती. डोंगरात एकमेकांचं ओझं घेणं ही रीतच आहे, मीही कितीदा घेतलं आहे. तरी दोन आठवडे ते मनातून गेलं नाही. भांडी घासताना, ऑफिसच्या बसमध्ये, रात्री दिवा मालवल्यावर तो पाठीला लागलेला गार वारा आठवायचा. सॅक दिल्याची लाज वाटत होती असं म्हणणं सोपं आहे, पण ते पूर्ण खरं नाही. मला कळत नव्हतं की हे झालंच कसं. मी तीन महिने तयारी केली होती.

तयारी म्हणजे वेताळ टेकडी. गणपती उठले की मी सुरुवात केली. पहाटे सव्वापाचला घरातून निघायचं, लॉ कॉलेज रोडच्या बाजूनं चढायचं, वर वेताळाच्या देवळापर्यंत जायचं आणि उजाडता उजाडता परत. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर आहे, टेकडीचा माथा आठशेच्या आसपास. म्हणजे एका फेरीत अडीचशे मीटर चढ मिळतो, आणि शनिवारी दोन फेऱ्या केल्या तर चांगला घाम निघतो. पाठीवर वजन हवं म्हणून सॅकमध्ये पाच लिटरचा पाण्याचा कॅन. पाणी का, तर टेकडीवर झाडं लावलेली आहेत आणि ती जगवणारी माणसं आहेत. पावसाळा सरला की कुणी बाटली, कुणी कॅन, कुणी दोन्ही हातांत दोन डबे घेऊन वर येतात आणि आपापल्या रोपाच्या आळ्यात ओततात. मी एक आपटा धरला होता, खाणीकडं जाणाऱ्या वाटेच्या वळणावरचा, माझ्या कमरेएवढा. त्याच्या बुंध्याशी दगड रचून कुणीतरी छान आळं केलं होतं. पाणी ओतलं की माती आधी काळी पडते, मग एक बारीक बुडबुड असा आवाज येतो आणि ओल्या मातीचा वास गिरिपुष्पाच्या वाळक्या पानांच्या वासात मिसळतो. कधी मोर ओरडतो. त्या पाच मिनिटांसाठी मी पाच लिटर वर नेत होते असंही म्हणता येईल. मग रिकामा कॅन सॅकमध्ये टाकायचा आणि हलक्या अंगानं, जवळजवळ पळतच, खाली यायचं.

तोरण्याहून आले त्याच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी सकाळी, मला दूध आणायला खाली जाता येईना. आमची सोसायटी जुनी, लिफ्ट नाही, आम्ही दुसऱ्या मजल्यावर. ३६ पायऱ्या. चढताना काही वाटत नव्हतं, पण उतरायला पहिला पाय टाकला आणि मांड्या पेटल्या. शेवटी कठडा धरून उलटी झाले आणि शिडी उतरावी तशी पाठमोरी उतरले. अर्ध्या जिन्यात वर बघितलं तर दारात आई उभी. ती काही बोलली नाही. ती स्वतः गेली चार वर्षं तो जिना आडवी होऊन उतरते, दोन्ही हातांनी कठडा धरून, एकेक पायरी, आधी डावा पाय मग त्याच्याशेजारी उजवा. तिच्या डोळ्यांत त्या वेळी जे दिसलं ते काळजीपेक्षा ओळख होती. ते मला आवडलं नाही, हे कबूल करते.

एका फिजिओथेरपिस्ट बाईंकडे गेले. गुडघ्यात काही बिघाड नव्हता. त्यांनी मला एका ठेंगण्या स्टुलावर उभं केलं, एक पाय पुढं हवेत धरायला लावला आणि म्हणाल्या, आता दुसऱ्या गुडघ्यात वाका आणि ही टाच सावकाश जमिनीला टेकवा, चार आकडे मोजत. दोनालाच मी धपकन खाली आले. "चढायला तुम्ही तयार आहात," त्या म्हणाल्या, "उतरायला कधी तयार झालाच नाहीत." मग त्यांनी समजावून सांगितलं. चढताना मांडीचा पुढचा मोठा स्नायू आखडत आखडत शरीर वर उचलतो. उतरताना तोच स्नायू काम करत असतो, पण उलट्या दिशेनं. तो ताणला जात असतो आणि ताणला जाता जाता त्याला शरीर धरून ठेवायचं असतं, एकदम कोसळू द्यायचं नसतं. ब्रेकचं काम. या ताणात स्नायूच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते, म्हणून दुखणं त्या दिवशी न येता दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येतं. आणि चढताना दम लागतो म्हणून माणूस थांबतो, उतरताना दम लागत नाही म्हणून थांबत नाही, आणि मग पाय एकदम जवाब देतात.

हे ऐकताना मला आजोळची विहीर आठवली. भोरकडचं गाव, घर टेपावर आणि विहीर खाली ओढ्यालगत. पोहरा ओढताना दंड भरून येतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण आई सांगायची, हात सोलतात ते ओढताना नाही, भरलेला पोहरा हातून सुटायला लागला आणि दोर धरून ठेवायचा म्हटला की सोलतात. तिच्या उजव्या तळव्यावर अजून तो एक पांढरट वण आहे. मांडीचा स्नायू म्हणजे तो दोर धरलेला हात.

आणि मग दुसरी गोष्ट लक्षात आली, रात्री, अंथरुणावर. मी उठूनच बसले. तीन महिने मी भरल्या सॅकनं चढत होते आणि रिकाम्या सॅकनं उतरत होते. आपट्याला पाणी घालून. अख्ख्या तयारीत एकदाही मी ओझं घेऊन उतार उतरले नव्हते.

हिमालयातल्या ट्रेकला नाव नोंदवायला गेलं की आयोजक विचारतात, पाच किलोमीटर किती मिनिटांत पळता? पायऱ्या चढता का? व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी सगळी वेळापत्रकं श्वासाची आहेत. छाती भात्यासारखी झाली की माणूस तयार झाला असं आपण धरून चालतो, मीही तेच धरलं होतं. कळसूबाईची उंची १६४६ मीटर म्हणून शाळेत पाठ करतो, तोरणा १४०३. हे सगळे आकडे माथ्याचे. पण जितकं चढलो तितकंच उतरायचं असतं, आणि तेही दिवसाच्या त्या अर्ध्यात, जेव्हा पाणी संपत आलेलं असतं, ऊन तिरपं होऊन डोळ्यांत येतं आणि मन गाडीत जाऊन बसलेलं असतं. सह्याद्रीत तर उतार कधीच साधा नसतो. वाळल्या गवताखाली दडलेला घसारा, कातळात खोदलेल्या आणि झिजून गुळगुळीत झालेल्या पायऱ्या, मध्येच कारवीच्या काठ्यांचा आधार, तो पण कधी हातात येणारा. डोंगरात पडलेल्या ओळखीच्या माणसांपैकी एकही चढताना पडलेला मला आठवत नाही.

सिंहगडावर याचं एक वेगळं उत्तर लोकांनी शोधलं आहे. आतकरवाडीतून दर रविवारी चढणारी जी पिकली मंडळी आहेत, त्यांच्यातले बरेच जण वर ताक पितात आणि जीपमध्ये बसून खाली येतात. पाय आहेत तोवर चढायचं आणि गुडघे जपायचे. मी त्यांच्यातल्या एका काकांना विचारलं होतं, गेली बावीस वर्षं चढणारे, तर ते शांतपणे म्हणाले, "मुली, चढणं माझ्या हौसेचं, उतरणं गुडघ्याच्या मर्जीचं." मला त्यांचं म्हणणं चूक वाटत नाही. गुडघ्याची कूर्चा पुन्हा उगवत नाही, आणि ज्याचे सांधे झिजले आहेत त्यानं जीपच घ्यावी. पण माझ्या सांध्यात बिघाड नव्हता. माझ्यापाशी फक्त सवय नव्हती, आणि सवय नसल्याला झीज म्हणून मोकळं होणं मला पटेना. शिवाय सिंहगडावर जीप येते, तोरण्याच्या रेलिंगशी येत नाही.

आईच्या गुडघ्यांचं निराळं आहे. उजवा बदलून झाला, डावा अजून तिचाच आहे, जसा आहे तसा. ऑपरेशनच्या वेळी मी त्याबद्दल मिळेल ते वाचत होते. बर्लिनमध्ये संशोधकांनी काही रुग्णांच्या कृत्रिम गुडघ्यातच वजन मोजणारी उपकरणं बसवली होती, आणि ती माणसं चालताना, जिना चढताना, उतरताना सांध्यावर खरोखर किती भार येतो ते आतूनच मोजलं होतं. २०१० साली ते आकडे छापून आले. सपाटीवर चालताना शरीराच्या वजनाच्या अडीचपटीहून थोडा जास्त, जिना चढताना तिपटीच्या वर, आणि उतरताना सुमारे साडेतीनपट. तेव्हा मी हे आईसाठी वाचलं होतं आणि बाजूला ठेवलं होतं. आता परत काढून बघितलं. पाठीवरचं प्रत्येक किलो गुडघ्यापाशी पोहोचेतो किती होत असेल, याचा विचार करत बराच वेळ बसले. आईनं आधी गावी त्या विहिरीवर रिकामी कळशी घेऊन उतार उतरला आणि भरलेली घेऊन चढली. नंतर पुण्यात येऊन तीस वर्षं ३६ पायऱ्यांवरून पिशव्या वर आणल्या. तिचंही ओझं नेहमी चढावरच होतं.

ओझं घेऊन उतरणारी बाई मी फेब्रुवारीत पाहिली. पुन्हा वेल्ह्याकडं गेले होते, कुणाला न सांगता, एकटी, नुसतं अर्ध्यापर्यंत चढून उतरायचा सराव करायला. वरच्या सोंडेवरून डोक्यावर मोळी घेतलेली एक बाई आली. पायात रबरी चपला, एका हातानं मोळी धरलेली, दुसरा हात मोकळा. मी बाजूला झाले आणि ती गेल्यावर तिच्या पायांकडं बघत राहिले. ती पाऊल फार लहान टाकत होती, माझ्या निम्म्यानं. गुडघे कधीच ताठ नाहीत, सतत किंचित वाकलेले. टाच आपटत नव्हती, अख्खा तळवा एकदम टेकत होता. आणि जिथं उतार फार झाला तिथं ती सरळ न उतरता अंग आडवं करून नागमोडी गेली. वेग असा काही नव्हताच, पण थांबणंही नव्हतं. पुढं एका झाडाखाली ती टेकली होती, तिथं बोललो. मी म्हटलं, ताई, तुम्ही किती छान उतरता. ती हसली आणि दोन्ही हातांनी गुडघे चोळत म्हणाली, "रातच्याला लई ठणकत्यात वो." मग मी गप्प बसले. तिच्या चालीतून मी शिकत होते, आणि ती चाल तिला कुणी हौसेनं शिकवली नव्हती. मी परत घरी येऊन गरम पाण्यात पाय घालून बसणार होते. तिला चूल पेटवायची होती. मोळी उचलायला हात लावला तेव्हा ती माझ्या सॅकच्या दुपटीहून जड लागली.

पुढचं वर्षभर जे केलं त्यात दिसायला मोठं असं काही नाही. ते स्टूल घरात कायमचं राहिलं. रोज दात घासताना एका पायावर उभं राहायचं, मग स्टुलावरून टाच टेकवायची, प्रत्येक पायानं दहादा, तीन वेळा, चार आकडे मोजत. दोनाचे चार व्हायला पाच आठवडे लागले. पर्वतीच्या पायऱ्या लागोपाठ पाच वेळा उतरायच्या, आणि चढण्याचा हिशेबच ठेवायचा नाही. त्या पायऱ्या रुंद आणि ठेंगण्या आहेत, १७४९ च्या देवळाच्या, घाई न करता उतरायला शिकवणाऱ्या. शरीराचा एक गुण त्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी सांगितला होता, तो अनुभवालाही आला: स्नायूला एकदा उताराचा मार बसला की पुढचे काही आठवडे तोच मार कमी लागतो. म्हणजे ट्रेकच्या दोन-तीन आठवडे आधी एक चांगला लांब उतार उतरून घ्यायचा, त्याचं दुखणं दुखून घ्यायचं आणि मग जायचं. काठ्या घेतल्या, दोन, आणि उतारावर त्या थोड्या लांब करायला शिकले.

टेकडीवरच्या पाण्याचं काय करायचं हा प्रश्न होता. आपट्याचं पाणी तोडणं शक्य नव्हतं. उन्हाळा तोंडावर आला होता. म्हणून सॅकमध्ये कॅनच्या खाली पाच किलो तांदळाची पिशवी घालायला लागले. आंबेमोहोर, दोन प्लास्टिकमध्ये घट्ट बांधलेला. पाणी वर जायचं आणि मातीत जायचं, तांदूळ माझ्याबरोबर खाली यायचा. सुरुवातीला पाच लिटर आणि पाच किलो दोन्ही घेऊन चढणं जड गेलं, मग अंगवळणी पडलं. जूनमध्ये पाऊस सुरू झाला तेव्हा आपट्याला पाण्याची गरज उरली नाही, त्यानं चार नवे फुटवे काढले होते. मी नुसता तांदूळ घेऊन जात राहिले. खरं सांगते, रिकाम्या अंगानं टेकडी उतरताना जो एक मोकळेपणा वाटायचा, पळावंसं वाटायचं, तो गेला. उतरताना आता लक्ष पायांत असतं. पण पूर्वी खाली येईतो टेकडी विसरलेली असायची, आता खालचं शेवटचं वळणसुद्धा दगडा-दगडासकट आठवतं.

डिसेंबरात पुन्हा तोच गट, तीच धार. बुधला माचीवर मी गेल्या वर्षीपेक्षा हळूच होते. बिनी दरवाज्याखाली रेलिंग आलं. मी सॅकचा कमरपट्टा घट्ट केला, काठ्या लांब केल्या आणि लहान पावलं टाकायला लागले. गुडघे भरून आले, मध्यावर उजवा एकदा थरथरलाही. मी थांबले, दोन घोट पाणी प्यायले. तो मुलगा खाली उभा होता, आता नोकरीला लागलेला, दाढी राखलेली. त्यानं वर बघितलं. मी मान हलवली. तो पुढं गेला, पण फार पुढं नाही. वेल्हे येईपर्यंत त्याची निळी टोपी कायम दिसेल एवढ्या अंतरावर राहिला. त्याचे आभार मी मानलेले नाहीत, मानायला हवेत. गेल्या वर्षीचेही राहिले आहेत.

घरी आल्यावर तांदूळ डब्यात ओतला. वर्षभर सॅकमध्ये दबून बराच तुटला होता. आईनं त्याची कणी बोटांनी चाळून बघितली आणि रात्री मऊ भात केला, वर तूप आणि मेतकूट. दोघी जेवलो. ती म्हणाली, सकाळी मला जरा खाली यायचंय, कोपऱ्यावर भाजीवाली बसते तिथवर.

सोमवारी सकाळी मांड्या दुखत होत्या, पण उतरता येत होतं, तोंड समोर ठेवून. जिन्याच्या तोंडाशी आई थांबली. उतरताना दुखरा पाय आधी, हे तिला कुणी सांगावं लागत नाही. मी तिच्या एक पायरी खाली उभी राहिले, पाठमोरी. ती कठड्याकडं वळणार होती, मग थांबली आणि तिनं दोन्ही हात माझ्या खांद्यांवर ठेवले, सॅकचे पट्टे येतात बरोबर त्याच जागी. आधी नुसते टेकवले. मी गुडघे किंचित वाकवले आणि पहिली पायरी उतरले. मग तिनं भार टाकला.